हृदयाचा ताल आणि चौदा वर्षांची साधना

(भोर येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या वर्षी याच तालुक्यातील एका कार्यक्रमानंतर वेल्ह्याकडून आलेल्या एका विद्यार्थिनीने मला गाठून विचारले होते, "सर, हृदयाचा डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात?" मी परतीच्या घाईत होतो. "असतील आठ-दहा," असे सांगून गाडीत बसलो. पुढे चौकशी केली तेव्हा ध्यानात आले, की आपण त्या मुलीला चुकीचे सांगितले. वृत्तपत्रात चुकीची माहिती छापली गेली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र द्यावे लागते. आजचे माझे भाषण हे असेच एक शुद्धिपत्र आहे, असे आपण समजावे.

मी कला शाखेचा पदवीधर. वैद्यकावर अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु हृदयाच्या डॉक्टरांमधील एका विशिष्ट शाखेविषयी मला गेली वीस वर्षे कुतूहल आहे आणि त्याला घरगुती कारण आहे. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडला तर तो ओळखणे आणि दुरुस्त करणे हे या शाखेचे काम. इंग्रजी नाव लांबलचक आहे, इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट. आपण त्याला हृदयताल-तज्ज्ञ म्हणू.

माझे आजोळ वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातले. या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण आमच्या पिढीच्या तोंडी वेल्हे बसले आहे, ते क्षमस्व. सन २००३ चा पावसाळा. भातलावणीचे दिवस. माझे थोरले मामा खाचरात आवण टाकता टाकता चिखलात कोसळले. अर्धा मिनिट शुद्ध नव्हती. नंतर उठून बसले, तोंड धुतले आणि "काही नाही, जरा भोवळ आली" म्हणत पुन्हा कामाला लागले. असे पहिल्यांदाच घडत नव्हते. दोन वर्षांपासून ते अधूनमधून असेच पडत. कोणी म्हणाले फेफरे आहे. कोणी कांदा हुंगवला. देवऋषी झाला, अंगारा झाला. शेवटी एका डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या आणि मामा त्या दोन वर्षे निष्ठेने घेत राहिले. पडणे काही थांबले नाही.

त्या दिवशी पडताना पायाला विळा लागला होता, म्हणून मलमपट्टीसाठी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. तेथे एक अगदी तरुण डॉक्टर होता. नुकताच एम.बी.बी.एस. होऊन बंधपत्राची शासकीय सेवा करायला आलेला. त्याने जखम बांधली. मग मामांचे मनगट हातात धरले, घड्याळाकडे पाहिले आणि पुरते एक मिनिट तो काही बोलला नाही. ठोके भरले चौतीस. त्याने लगेच ई.सी.जी.ची पट्टी काढली आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला फिट येत नाही. तुमच्या हृदयाचा ठोका मधेच अडतोय. आजच पुण्याला जा."

पुण्यात मामांना पेसमेकर बसवला. मधे एकदा यंत्र बदलावे लागले. सन २०१६ पर्यंत, म्हणजे पुढची तेरा वर्षे मामा जगले आणि त्यांतील दहा वर्षे तरी त्यांनी स्वतः लावणी केली. त्या दोन वर्षांत मामांना किती जणांनी पाहिले होते! आम्ही नातेवाईकही त्यात होतो, मीही होतो. पण नाडी कोणी मोजली नव्हती.

आता हे ठोका अडणे म्हणजे काय, ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विहिरीवर मोटार आहे. पाणी येत नसेल तर आपण तीन गोष्टी तपासतो. पाइप तुंबला आहे का? पंप झिजला आहे का? आणि दोन्ही ठीक असतील तर वायरिंगमध्ये बिघाड आहे का? हृदयाचेही तसेच. रक्तवाहिनी तुंबली की हृदयविकाराचा झटका येतो. झडप वा स्नायू निकामी झाला की पंप थकतो. आणि वायरिंग बिघडले की ताल चुकतो. हृदयताल-तज्ज्ञ हा या वायरिंगचा वैद्य.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तेथे प्रत्येक ठोक्याची सूक्ष्म वीज निर्माण होते. ती मधल्या एका ठाण्यावर क्षणभर थबकते, म्हणजे वरच्या कप्प्यांतील रक्त खालच्या कप्प्यांत उतरायला अवसर मिळतो. तेथून एका बारीक जुडीतून ती खाली उतरते, दोन शाखांत विभागते आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आकुंचन पावतात. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा हे घडते. मामांच्या बाबतीत वरून निघालेली वीज मधल्या वाटेवरच अडत होती.

ही वाट शोधली कोणी? विद्यार्थ्यांनी हे लक्षपूर्वक ऐकावे. खालची जुडी १८९३ मध्ये विल्हेल्म हिस या तरुण डॉक्टरने दाखवली; तिला आजही हिसची जुडी म्हणतात. मधले ठाणे १९०६ मध्ये सुनाओ तावारा या जपानी अभ्यासकाने शोधले. तो त्यासाठी जर्मनीत मारबुर्ग येथे येऊन राहिला होता. आणि वरचा उगम १९०७ मध्ये सापडला, तो इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका खेड्यात. आर्थर कीथ यांचे तेथे घर होते आणि मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करीत होता. एके संध्याकाळी कीथ सायकलवरून फिरून परतले तेव्हा फ्लॅकने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक चीज दाखवली. चिचुंद्रीसारखा दिसणारा, बिळात राहणारा मोल नावाचा एक प्राणी तिकडे असतो. त्याच्या हृदयाच्या कापात ही वेगळी पेशीरचना दिसत होती. ज्या स्थानातून साऱ्या मानवजातीच्या हृदयाचे ठोके निघतात, ते एका विद्यार्थ्याला खेड्यातल्या घरात बसून सापडले. पुढच्या वेळी "आमच्याकडे सोयी नाहीत" असे म्हणावेसे वाटेल तेव्हा मार्टिन फ्लॅकचे स्मरण करावे.

नाडीवरून प्रकृती जाणण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचा विचार आहे. त्या वैद्यांना बोटाला जे कळत होते ते कागदावर उमटवण्याचे साधन विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम आइन्थोव्हेन यांनी नेदरलँड्समध्ये सिद्ध केले. त्यांचे पहिले यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच यंत्राचा वंशज आज पिशवीत मावतो आणि मामांची पट्टी काढणारे यंत्र तेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हृदयताल-तज्ज्ञ व्हायला किती वर्षे?

बारावीला जीवशास्त्र घेऊन विज्ञान शाखा. मग नीट परीक्षा. ही परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. त्यानंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप, एकूण साडेपाच. मग पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि एम.डी. मेडिसिनची तीन वर्षे. पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि डी.एम. कार्डिऑलॉजीची तीन वर्षे. येथे माणूस हृदयरोगतज्ज्ञ होतो, तालतज्ज्ञ नव्हे. त्यासाठी आणखी एक ते दोन वर्षे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी ते मिळते. काही जण परदेशी जातात. बेरीज साडेबारा ते साडेतेरा. त्यात शासकीय महाविद्यालयाच्या बंधपत्राची सेवा आणि प्रवेशपरीक्षांमधला काळ धरला की चौदा वर्षे सहज होतात. रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी घरातून निघालेले मूल बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर, स्वतःच्या नावाने उभे राहते.

पालकांच्या चेहऱ्यावरची चिंता मला दिसते आहे. ती मी हसण्यावारी नेणार नाही. एवढी वर्षे खर्च कोण करणार? आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचे काय? पहिल्या प्रश्नाचे थोडे उत्तर असे, की इंटर्नशिपपासून पुढे विद्यावेतन मिळते, एम.डी. आणि डी.एम. करणारा निवासी डॉक्टर घरावर पूर्णपणे अवलंबून राहत नाही. मात्र पहिली साडेचार वर्षे कठीण असतात आणि शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरच सामान्य घराला ती पेलतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देणारा कोण? एवढेच सांगतो, की मुलगा पस्तिशीपर्यंत शिकत असेल तर आपण त्याला "अभ्यासू" म्हणतो आणि मुलगी तिशीपर्यंत शिकत असेल तर "आता पुरे" म्हणतो. हा भेद वैद्यकाने केलेला नाही, आपण केलेला आहे.

या चौदा वर्षांत शिकायचे काय? मी एका तालतज्ज्ञांच्या अनुमतीने त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवस काचेपलीकडे बसलो होतो. एका तरुण गृहिणीला धडधडीचा विकार होता. अचानक ठोके दोनशेच्या घरात जात आणि तितकेच अचानक थांबत. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असे, त्यामुळे कित्येक वर्षे "मनाचा खेळ आहे" असे तिला ऐकवले गेले होते. तज्ज्ञांनी जांघेतील शिरेतून तीन-चार बारीक तारा तिच्या हृदयापर्यंत नेल्या. पडद्यावर विजेच्या रेघा धावू लागल्या. साध्या ई.सी.जी.च्या कागदावर एक मिलिमीटरचा चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. येथे त्याहून कितीतरी सूक्ष्म अंतरे मोजली जात होती.

मग त्यांनी जे केले ते पाहून मी दचकलो. त्यांनी तारेतून बारीक विद्युत्स्पंद देऊन तो विकार मुद्दाम सुरू केला. चोर पकडायचा तर तो घरात असताना पकडावा लागतो! वीज कोणत्या आडवाटेने गोल फिरते आहे हे त्यांनी शोधले आणि तारेच्या टोकातून रेडिओलहरींची उष्णता देऊन ती आडवाट बंद केली. वर्षानुवर्षांचा विकार काही सेकंदांत गेला. पहिली गोष्ट त्या बाईंनी विचारली ती अशी, "म्हणजे ते खरंच होतं ना?" मला ते वाक्य विसरता येत नाही. बरे होण्याइतकेच, आपल्यावर कोणी विश्वास ठेवला याचे मोल त्यांना होते.

पण या कामात जोखीमही आहे. ती आडवाट आणि हृदयाचे मधले ठाणे यांत काही मिलिमीटरचे अंतर असते. उष्णता चुकीच्या जागी लागली तर राजमार्गच बंद पडतो आणि रुग्णाला जन्मभर पेसमेकर लागतो. कुशल हातांतही शंभरात एखाद्या वेळी असे होऊ शकते आणि रुग्णाला ते आधी सांगावे लागते. म्हणून हा अभ्यास लांब आहे. कोठे जाळायचे हे शिकायला जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ कोठे थांबायचे हे शिकायला लागतो. अंगावर शिशाचा जड अंगरखा घालून तासन् तास उभे राहावे लागते. या मंडळींना पाठदुखी चुकत नाही. अलीकडे हृदयाचा त्रिमितीय नकाशा काढण्याची सोय झाल्यामुळे क्ष-किरणांचा वापर कमी झाला आहे, ही समाधानाची गोष्ट.

आपल्याकडे ही विद्या कशी रुजली, याचे एक उदाहरण सांगतो. ताल बिघडवून ताल शोधण्याची ही पद्धत १९६७ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये डरर आणि त्यांचे शिष्य हाइन वेलन्स यांनी आकाराला आणली. वेलन्स पुढे मास्ट्रिख्ट येथे गेले आणि जगभरचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला आणि डॉ. आशिष नाबर यांनी त्यांच्या चमूबरोबर संशोधन केले, शोधनिबंध लिहिले आणि ती विद्या मुंबईत आणली. तिकडे शिकून इकडे शिकवणारी अशी माणसे असतात म्हणून एखादी विद्या देशाची होते.

डॉ. लोखंडवाला यांचे नाव आणखी एका कामाशी निगडित आहे. अतिवेगाने भरकटलेल्या हृदयाला आतूनच विजेचा झटका देऊन जागेवर आणणारे एक यंत्र असते. ते माणसात प्रथम बसवले गेले १९८० मध्ये, अमेरिकेत. त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेली, परंतु बॅटरीचे पुष्कळ आयुष्य शिल्लक असलेली अशी यंत्रे तेथील डॉक्टरांनी गोळा केली. ती निर्जंतुक करून भारतातील गरजू रुग्णांना बसवण्यात आली. ८१ रुग्ण, १०६ यंत्रे. त्यांचा पाठपुरावा केला तेव्हा एकालाही त्यातून जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही. हा अहवाल २०१२ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत पेनसिल्वेनियातील भारतीय वंशाच्या डॉक्टरांबरोबर मुंबईचे डॉक्टर होते. सेवा करायची तर भावनेबरोबर नोंदवही काटेकोर ठेवावी लागते, हा त्यातला धडा मला मोलाचा वाटतो.

आता पुन्हा मामांच्या पेसमेकरकडे येऊ. जगातला पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला गेला ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये. रुग्णाचे नाव आर्ने लार्सन. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवले. पुढे आयुष्यभरात त्यांची वीसहून अधिक यंत्रे बदलली गेली. पण लार्सन २००१ पर्यंत जगले. ते यंत्र बनवणारा अभियंता आणि बसवणारा शल्यविशारद या दोघांनंतरही ते हयात होते.

मात्र पेसमेकरमध्ये एक उणीव राहून गेली होती. त्याची तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी टेकवत. वीज तेथून निघाली की आधी उजवी बाजू आकुंचन पावते, मग डावी. ठोका पडतो, पण दोन्ही बाजू एकदम चालत नाहीत. लेझीमच्या खेळात एक रांग अर्ध्या मात्रेने मागे राहावी, तसे. पुष्कळांना याने काही होत नाही. पण काहींचे हृदय वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीने थकते. मग तार थेट त्या हिसच्या जुडीलाच का जोडू नये? म्हणजे वीज निसर्गाच्याच वाटेने उतरेल.

हे कायमस्वरूपी करून दाखवले डॉ. प्रमोद देशमुख यांनी. त्यांचा शोधनिबंध २००० साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आला. हृदय मोठे व दुर्बळ झालेले, ठोका अनियमित असलेले अठरा रुग्ण त्यांनी निवडले होते. त्यांपैकी बारा जणांत ही तार त्या जुडीवर कायमची बसवण्यात त्यांना यश आले. आणि हे काम न्यूयॉर्क वा बोस्टनसारख्या महानगरात झालेले नाही. पेनसिल्वेनियातील सेयर या गावच्या रॉबर्ट पॅकर रुग्णालयात झाले. सेयर हे गाव लोकसंख्येने आपल्या भोरपेक्षाही लहान आहे!

पुढे काय झाले? लगेच जयजयकार झाला का? नाही. काही मिलिमीटर जाडीच्या जुडीवर तार नेमकी रोवणे अतिशय कठीण. साधने अपुरी होती. बहुतेकांनी "छान आहे, पण जमणारे नाही" म्हणून ते बाजूला ठेवले. दहा-बारा वर्षे थोडेच लोक त्या वाटेने गेले. पुढे योग्य साधने आली, पेनसिल्वेनियातच डॉ. पुगळ विजयरामन यांच्यासारख्यांनी ते काम नेटाने पुढे नेले आणि २०१७ मध्ये चीनमधील डॉ. हुआंग यांच्या चमूने जुडीच्या डाव्या शाखेवर तार बसवण्याची अधिक सोपी रीत दाखवली. २०२३ मध्ये हृदयताल-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी निसर्गाच्या वाटेने जाणाऱ्या अशा पेसमेकरविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. शोधनिबंध ते सूत्रे, तेवीस वर्षे! शिक्षणाला चौदा वर्षे लागतात म्हणून आपण कुरकुरतो. पण बरोबर असलेली गोष्ट जगाला पटायला त्याहून अधिक काळ लागू शकतो. तोवर आपले काम नीट करत राहणे, हेच या व्यवसायातले खरे शील.

विद्यार्थी मित्रांनो, आता आपल्या खोऱ्यांकडे वळतो. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे. भाटघरच्या फुगवट्यापलीकडची गावे, केळदकडच्या वाड्या, वरंधा घाटाच्या तोंडावरची वस्ती. येथे हृदयताल-तज्ज्ञ येऊन बसेल का? मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. २०११ च्या जनगणनेत सारा वेल्हे तालुका पंचावन्न हजारांच्या आसपास होता. त्या प्रयोगशाळेला लागणारी यंत्रे, माणसे आणि रुग्णसंख्या पुण्या-मुंबईतच असणार. पण तो येथे बसण्याची गरजही नाही. गरज आहे ती, येथला रुग्ण वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचण्याची.

राजगडाचा बालेकिल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. गड केवळ बालेकिल्ल्यावरच्या किल्लेदाराने राखला जात नसे. पायथ्याशी आणि वाटेवर मेटे असत. तेथला साधा मेटकरी डोळ्यांत तेल घालून बसलेला असे, म्हणून वरचा किल्लेदार निर्धास्त असे. मेटकऱ्याला झोप लागली तर बालेकिल्ल्यावरच्या शौर्याचा उपयोग काय? माझ्या मामांच्या बाबतीत पुण्याचे तज्ज्ञ बालेकिल्ल्यावर सज्ज होते. दोन वर्षे मेटांवर कोणी जागे नव्हते. जागा राहिला तो बंधपत्रावर आलेला एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. आज तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. मामा मात्र शेवटपर्यंत दिवाळीत त्याची आठवण काढत.

तेव्हापासून साधने वाढली आहेत. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली होती. आज महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकरचाही समावेश आहे. ई.सी.जी.ची पट्टी भ्रमणध्वनीवरून क्षणात तज्ज्ञाकडे जाते. उरते ते मनगटावर बोट ठेवण्याचे काम, आणि ते कोणत्याही योजनेने होणार नाही.

म्हणून आपण सर्वांनी आता एक गोष्ट करावी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे ठेवा. ठोका लागला? आता मी घड्याळ पाहतो. पुरते एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. ताल चुकत असेल तर तो तेवढ्यात सापडत नाही.

(सभागृहात एक मिनिट शांतता.)

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे ठोके साधारणपणे साठ ते शंभर भरतात. तालमीत घाम गाळणाऱ्याचे थोडे कमीही भरतील, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु घरात कोणी वारंवार बेशुद्ध होऊन पडत असेल, ठोके चाळीसच्या खाली असतील, धावता-खेळताना कोणाची शुद्ध गेली असेल किंवा घराण्यात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर देवऋषी नंतर; आधी ई.सी.जी. चालू असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि कोणी समोर कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट घेत नाही, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब देत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या हृदयाचा ताल तुमच्या हातांत असतो.

ती विद्यार्थिनी आज या सभेत आहे की नाही, मला दिसत नाही. असली तर, बाळ, माझे उत्तर चुकले होते. आठ-दहा नव्हे, चौदा वर्षे लागतात. वाट चढणीची आहे, तोरण्याच्या वाटेसारखी. मधे दम लागेल, परीक्षेत एखादे वर्ष जाईलही. पण त्या वाटेवर साडेपाच वर्षांनी एक टप्पा येतो. तेथे तू एम.बी.बी.एस. झालेली असशील आणि एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात मलमपट्टीसाठी आलेला म्हातारा तुझ्यासमोर बसलेला असेल. पुढची नऊ वर्षे तू गेलीस की नाही, हे नंतर पाहू. त्या दिवशी त्याचे मनगट हातात घे, आणि पुरते एक मिनिट मोज.